सरासरीला नाइट नसते

“ग्रामीण रुग्णालयात रात्री सरासरी चार-पाच पेशंट येतात. तेवढ्यांसाठी दोन-दोन सिस्टर बसवून ठेवायच्या, ही चैन आपल्याला परवडणारी नाही.”

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका आढावा बैठकीत मी हे ऐकलं. बोलणारे साहेब कामाचे माणूस. कोविडात किट घालून आमच्याबरोबर वॉर्डात उभे राहिलेले. म्हणून तर ते वाक्य जास्त लागलं. पुढच्या रांगेत मॅट्रन मॅडम बसल्या होत्या, मी मागे, चहाचा कागदी कप हातात धरून. काही बोलले नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत गप्प बसायची सवय लागते. आता कारणे दाखवा नोटीस यायची भीती उरली नाही, तेव्हा उशिरा का होईना, उत्तर देते.

आधी ज्यांनी ग्रामीण रुग्णालय फक्त उद्घाटनाच्या दिवशी पाहिलंय त्यांच्यासाठी. तीस खाटा. दारातून शिरलं की डाव्या हाताला कॅज्युअल्टी, म्हणजे एक खोली: एक टेबल, ऑक्सिजनचा सिलिंडर, सक्शन मशीन, इमर्जन्सी ट्रे, एमएलसीचं, म्हणजे पोलिस केसेसचं, रजिस्टर. पॅसेजच्या त्या टोकाला लेबर रूम. मधे वॉर्ड. नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), आणि रजेवर नसली तर एक मावशी (आया). ‘कॅज्युअल्टीची सिस्टर’ असं वेगळं कुणी नसतं. जी वॉर्डात सलाईन बदलते, तीच लेबर रूममध्ये बाळ झेलते आणि तीच कॅज्युअल्टीत टाके घालताना ट्रे धरते. साहेबांचे चार-पाच पेशंट हे या सगळ्याच्या वर.

तरी क्षणभर वॉर्ड आणि लेबर रूम विसरू. फक्त ते पाच पेशंट घेऊ. माझी भाची कॉलेजात गणित शिकवते. तिला विचारलं, बारा तासांत पाच माणसं कधीही येतात, प्रत्येकाला एक तास लागतो, तर दोघं एका वेळी हातात असण्याची शक्यता किती? तिनं वहीच्या कोपऱ्यात मांडून सांगितलं, शंभरातल्या सत्त्याऐंशी रात्री. चारच आले तर? अडुसष्ट. मला वाटलं होतं निम्म्याच्या आसपास निघेल. म्हणजे साहेबांचाच आकडा धरला, तरी एकट्या सिस्टरला एकाला सोडून दुसऱ्याकडे जावं लागणं हा अपवाद नाही, तो रोजचा प्रकार आहे. पाच ही सरासरी बरोबर असेलही. पण पाच भागिले बारा तास असं कुणी दवाखान्यात येत नाही. लग्नाची जीप उलटते तेव्हा सात जण एकदम येतात, आणि त्या महिन्याची सरासरी तरीही पाचच राहते.

आणि एक तास हा हिशेब तरी कुठे खरा आहे? पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. पायावर दोन ठिपके, बाकी काही नाही. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी कलती करून गोठलंय का बघायचं. गोठलं तरी सुटका नाही, पुन्हा पुन्हा करायचं, तासन् तास. नाही गोठलं तर सर्पविषावरच्या लसीच्या दहा व्हायल्या विरघळवून सलाईनमधून सोडायच्या, अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं आणि रिअ‍ॅक्शन येते का म्हणून शेजारी उभं राहायचं. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवावर प्राझोसिनचा उपचार जगाला दाखवला, तो महागड्या यंत्रांच्या जोरावर नव्हे, पेशंटजवळ बसून केलेल्या निरीक्षणाच्या जोरावर. रजिस्टरात हा ‘एक पेशंट’. प्रत्यक्षात ती एका माणसाची अख्खी रात्र आहे.

आता एक रात्र सांगते. आमचा भाग सोयाबीन-कापसाचा. पावसाळ्यात ‘औषध पिलं’ म्हणून येणारे कमी नसतात. रात्री पावणेदोनला एक तिशीचा माणूस आणला. तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवारणीचं औषध. यावर अ‍ॅट्रोपिन. आमच्याकडे एक मिलीचे अँप्यूल, प्रत्येकात ०.६ मिलिग्रॅम. डॉक्टर म्हणाले तीन मिलिग्रॅम द्या, म्हणजे पाच अँप्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐकायची; घरघर कमी नसेल तर दुप्पट, दहा. मग वीस. मग चाळीस. पंधरा मिनिटांत पंच्याहत्तर अँप्यूल. हे ज्यांनी फोडले नाहीत त्यांना सांगते, कापसाचा बोळा मानेला धरायचा, टिचकी मारून औषध खाली आणायचं, मोडायचं, सुई घालून ओढायचं, पुढचा. घाई केली की काच बोटात जाते. डॉक्टरांच्या एका हातात सक्शनची नळी, दुसऱ्यात स्टेथो. मी विसाव्या-बाविसाव्या अँप्यूलवर असेन, तेवढ्यात पॅसेजमधून मावशी ओरडली, “सिस्टर, डोकं दिसायलंय!”

लेबर रूममध्ये पहिलटकरीण होती. मी गेले. दुसरं कोण जाणार होतं? डॉक्टरांनी सक्शनची नळी पेशंटच्या भावाच्या हातात दिली आणि स्वतः अँप्यूल फोडत बसले. त्या भावाला मी जाता जाता सांगितलं, गालाच्या आतून फिरवा, घशात नको. त्याचे हात थरथरत होते. बाळ अडीच वाजता झालं, रडलं. वार पडली. बाळंतिणीचं रक्त जरा जास्त जातंय असं वाटलं म्हणून मी दहा मिनिटं पोट चोळत थांबले. ती दहा मिनिटं कॅज्युअल्टीतून काय आवाज येतोय इकडेच माझे कान.

दोघंही वाचले. म्हणूनच ही रात्र कुठल्याही अहवालात सापडणार नाही. आता खरी गोष्ट, जी मी नोकरीत असताना कुणाला सांगितली नसती. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास बाईची नाडी, रक्तदाब, रक्तस्राव दर पंधरा मिनिटांनी बघून लिहायचा असतो. आठ नोंदी. मी सकाळी सहाला खुर्चीत टेकले आणि आठही नोंदी लिहिल्या. ११०/७०, ११२/७०, ११०/७२. प्रत्यक्षात मी तिचं बीपी दोनदा घेतलं होतं. औषध पिलेल्या माणसाचा तक्ताही असाच, पंधरा-पंधरा मिनिटांचा, एका बैठकीत, एकाच पेनानं. माझं हे चुकलं. पण मी एकटीच असं करत होते असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातले रात्रीचे तक्ते काढून शाई बघावी.

साहेब, तुम्ही बैठकीत म्हणालात, “रेकॉर्ड बघा, सगळं मॉनिटरिंग व्यवस्थित आहे, म्हणजे एका सिस्टरनं भागतंय.” भागतंय हे सांगणारा तो कागद त्याच एका सिस्टरनं सकाळी सहाला लिहिलेला असतो. रिकामा ठेवला तर नोटीस तिला येते. भरला तर तुमच्या तक्त्यात सगळं हिरवं दिसतं, आणि दुसऱ्या सिस्टरची मागणी चैन ठरते. तुटवडा आम्हीच आमच्या अक्षरात झाकत आलो. हा दोष आमचा, आणि तो कबूल केल्याशिवाय मला तुमच्याशी भांडता येणार नाही.

बैठकीत यावर तीन-चार तोडगेही निघाले होते.

‘गरज पडली तर क्वार्टरमधून बोलवा.’ क्वार्टरमध्ये जी असते तिची सकाळची ड्युटी झालेली असते, उद्याचीही असते, आणि या बोलावण्याचा तिला ना मोबदला ना बदली सुटी. पुष्कळ ठिकाणी क्वार्टर गळतात म्हणून सिस्टर तालुक्याच्या गावात भाड्यानं राहतात. पण मुख्य प्रश्न वेगळाच. फोन कुणी करायचा? हात मोकळा असता तर फोनची गरजच पडली नसती.

‘१०८ आहे.’ आहे, आणि २०१४ पासून तिनं किती जीव वाचवले हे आमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तिच्याबरोबर डॉक्टर येतो. पण ती येईपर्यंत पेशंट धरून ठेवायचा असतो, ते काम आमचंच. बाळंतीण रेफर करायची वेळ आली की पुष्कळदा १०२ ची गाडी असते, तिच्यात डॉक्टर नसतो. मग बाईबरोबर कोण जाणार? सिस्टर. आणि मागे रुग्णालयात कोण? मी स्वतः एकदा पहाटे तीन वाजता वॉर्डातल्या अकरा पेशंटना मामांच्या भरवशावर सोडून जिल्ह्याला गेले आहे. मामा देवमाणूस होते, पण त्यांना सलाईन बंद करता यायची, एवढंच.

सीसीटीव्ही लावा, हाही एक तोडगा होता. त्यावर काय बोलायचं.

‘नर्सेस मिळतच नाहीत’ हा मुद्दा मात्र नीट घ्यायला हवा, कारण तो ऐकायला खरा वाटतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. ज्या राज्यात नर्स मिळत नाही ते राज्य नर्स निर्यात कसं करतं? मिळतात. थांबत नाहीत, कारण त्यांना थांबावंसं वाटेल असं आपण काही ठेवत नाही. ११ महिन्यांची ऑर्डर, तुटक पगार, एकटीची नाइट. मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभर नर्सेस संपावर गेल्या होत्या, त्यांचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

आणि आहेत त्या कुठे असतात ते माझ्या शेवटच्या जुलैच्या रोस्टरवरून सांगते. रोस्टर मीच लावायची. आकृतिबंधात मंजूर सात. एक प्रसूती रजेवर, तिच्या १८० दिवसांची बदली कधीच येत नाही. एक प्रतिनियुक्तीवर मोठ्या रुग्णालयात, पगार आमच्याकडून. राहिल्या पाच. रोज एक नाइटला, एक नाइट करून आल्यामुळे ऑफ, एक साप्ताहिक सुटीवर. उरल्या दोन, एक सकाळी, एक दुपारी. झालं, पाचही संपल्या. कुणाच्या मुलाला ताप आला की घडी मोडते. रात्री दोन हव्या असतील तर दोन नाइटला, दोन ऑफ, सकाळी-दुपारी दोन-दोन, साप्ताहिक सुटीची किमान एक, रजेची एक. दहा. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक आरोग्य मानकांत तीस खाटांच्या रुग्णालयाला स्टाफ नर्सची दहा पदं लिहिली होती, म्हणजे मी काही आकाशातला आकडा मागत नाही. त्यावर भारतीय परिचर्या परिषद म्हणते तशी तीस टक्के रजा-राखीव पदं धरली तर तेरा.

इथे माझं आमच्याच लोकांशीही जमत नाही. संघटनेच्या निवेदनात नेहमी प्रमाण मागितलेलं असतं, पाच पेशंटमागे एक नर्स वगैरे. मोठ्या रुग्णालयासाठी ते योग्यच. कॅलिफोर्नियानं १९९९ साली कायदा करून २००४ पासून आपत्कालीन विभागात चार पेशंटमागे एक नर्स बंधनकारक केली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१५ च्या कायद्यात असंच प्रमाण घातलं, आणि शहाणपणा असा की इन्चार्ज आणि ट्रायाज करणारी नर्स त्या प्रमाणाच्या बाहेर धरली. क्वीन्सलंडमध्ये २०१६ पासून प्रमाण लागू झालं, आणि २०२१ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की वाढीव नर्सेसवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून जास्त खर्च वाचला, कारण माणसं लवकर घरी गेली आणि कमी वेळा परत आली. त्याआधी २००२ मध्ये लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात दाखवलं होतं की नर्समागे एकेक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत महिन्याच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते.

पण हे सगळे अभ्यास भरलेल्या वॉर्डांचे आहेत. आमच्या कॅज्युअल्टीत रात्री एकला शून्य पेशंट असतात. शून्याला चारानं भागलं तर नर्स शून्य. एक आला तर पाव. प्रमाणाच्या भाषेत आमच्याकडे एक सिस्टरसुद्धा जास्तच आहे, आणि साहेब बरोबर याच भाषेत आम्हाला हरवतात. म्हणून लहान जागेला प्रमाण लागू करू नका, किमान संख्या लागू करा. कुठल्याही क्षणी, दार उघडं आहे तोवर, दोन प्रशिक्षित नर्स. पेशंट असो नसो.

दोनच का? छाती दाबायचं उदाहरण घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, असं जगभर शिकवतात. एक दाबतोय, एक श्वास देतोय, तर शीर कोण शोधणार, औषध कोण भरणार, वेळ कोण बघणार? डॉक्टर आणि एक सिस्टर यांत ते बसत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी माणसं गृहीत धरली आहेत, आम्ही ती मामा-मावशींतून उभी करतो. शिवाय रात्री तीन वाजता मी काढलेला डोस बरोबर आहे का हे दुसऱ्या प्रशिक्षित डोळ्यांनी बघायला नको? झोपाळलेल्या एका मेंदूवर ०.६ आणि ६ यांतला फरक सोपवायचा, हे आपण बँकेच्या कॅशियरबाबत करत नाही.

मग शांत रात्री दोघी नुसत्या बसून राहतील? राहतील. इमर्जन्सी ट्रे तपासतील, सिलिंडरचा काटा बघतील, आळीपाळीनं डोळा मिटतील. रेल्वेचा फाटकवाला रात्री तीन गाड्यांसाठी बारा तास बसतो. गाड्यांची सरासरी काढून त्याला पाव पगारावर ठेवा असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

पैशाबद्दल. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला, तिथे सोय नव्हती. मग एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वेळेवर आपत्कालीन उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्या साखळीतलं पहिलं दार लहान गावातलंच होतं, हे मला विसरता येत नाही.

एकटीच्या नाइटला आणखी एक भीती असते, नातेवाइकांच्या मारहाणीची. तिच्याविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे. त्याचा बोर्ड आमच्या दाराशी लावलेला आहे. दारू पिऊन आलेले आठ नातेवाईक आणि एकटी सिस्टर असं चित्र असतं तेव्हा तो बोर्ड वाचायला कुणी थांबत नाही. आणि काही वाईट घडलंच, तर चौकशी कुठून सुरू होते ते भंडाऱ्यानं दाखवलं. ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात आग लागली, सतरातली दहा बाळं गेली. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत नर्सेस होत्या. त्यांचं चुकलं की नाही ते न्यायालय बघेल. पण अशी प्रत्येक बातमी वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न एकच येतो, त्या पाळीला किती जणी होत्या, आणि किती हव्या होत्या. चौकशीची सुरुवात मात्र ‘सिस्टर कुठे होती’ इथून होते.

गेल्या महिन्यात शेजारच्या आजींना पहाटे दम लागला, म्हणून त्यांना घेऊन मी माझ्याच जुन्या रुग्णालयात गेले. सहा वाजले असतील. कॅज्युअल्टीत नवी मुलगी होती, पंचविशीची. तिनं आजींना नेब्युलायझर लावला, हात सफाईदार होता. लेबर रूमकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. भिंतीवर रोस्टर, नाइटच्या रकान्यात एकच नाव. टेबलावर बाळंतिणीचा तक्ता उघडा. तिनं घड्याळाकडे न बघता लिहिलं, ३.१५, ११०/७०. मग ३.३०. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. पेन क्षणभर थांबला.

“बसा ना मॅडम,” ती म्हणाली, आणि पुढचा आकडा लिहिला.